हाक कोणाला, ताटकळणे कोणाला?

जेवायला आलेल्या माणसाला त्याचे टेबल रिकामे झाल्याची वर्दी कशी द्यावी, हा प्रश्न राजकीय चर्चेच्या पानावर मांडला तर अनेक गंभीर कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. महागाई, बेकारी, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा असे जीवनमरणाचे विषय पुढ्यात असताना हॉटेलच्या दारातील गर्दीचा विचार करायला सवड कोणाला? परंतु समाजात कोणाचा वेळ मोलाचा मानला जातो आणि कोणाचा मातीमोल ठरतो, हे तपासायचे असेल तर सत्ताधाऱ्यांच्या जाहीरनाम्यांपेक्षा हॉटेलच्या दारातील वही अधिक खरे सांगते. त्या वहीत थांबलेल्याचे नाव लिहिले जाते, त्याचा क्रम राखला जातो आणि वेळ आली की त्याला नावाने हाक मारली जाते. या साध्या व्यवहारात जी सभ्यता आहे ती भडगाव तालुक्यातील कापूस उत्पादकाच्या वाट्याला का येत नाही, हा खरा प्रश्न आहे. तो सोयीचा प्रश्न नाही. सत्तेचा प्रश्न आहे.

हॉटेलांची रीत प्रथम नीट पाहिली पाहिजे. मुंबईत माटुंग्याच्या कॅफे मद्रासपुढे किंवा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील वैशालीपुढे सुटीच्या सकाळी माणसांची दाटी होते. अशा गर्दीच्या ठिकाणी दारातील माणूस नाव विचारतो आणि बरोबर किती जण आहेत तेही विचारतो. दोघांचे टेबल सुटले तर सहा जणांच्या कुटुंबाआधी मागचे दोघे आत जातात. पण त्याचे कारण सर्वांच्या डोळ्यांदेखत असते, म्हणून कोणी हुज्जत घालीत नाही. पुढे मोबाइल आले तेव्हा नावाबरोबर नंबर टिपला जाऊ लागला आणि हाकेची जागा संदेशाने घेतली. अमेरिकेतील हॉटेलांत तर १९९०च्या दशकातच ग्राहकाच्या हाती एक चकती देण्याची पद्धत रूढ झाली. टेबल मोकळे झाले की चकती थरथरते, तिचा दिवा लुकलुकतो आणि ग्राहक आत जातो. तोपर्यंत त्याने दारातच खोळंबून राहावे, अशी सक्ती उरत नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी? डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेतल्या माणसाच्या मनाविषयी एक निबंध लिहिला. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेले थांबणे हे ठाऊक असलेल्या थांबण्यापेक्षा अधिक लांब वाटते. कारण न सांगता थांबवले तर ते अधिकच जाचते. आणि आपल्यामागून आलेला पुढे गेला असे दिसले तर ते असह्य होते, असे त्याचे सांगणे होते. धंदेवाल्यांनी हे शहाणपण चटकन उचलले. जो माणूस आपल्या गल्ल्यात पैसे टाकणार आहे त्याला चिडवून चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

हे केवळ शहरांपुरते खरे नाही. चाळीसगावहून पाचोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भडगाव लागते. खानदेशातल्या अशा रस्त्यांलगतच्या शेवभाजीच्या खाणावळींत ना चकती असते ना संगणक. पण लग्नसराईत गर्दी झाली तर गल्ल्यावरचा मालक तिथूनच सांगतो की, बसा, पाच मिनिटांत जागा होते. पोऱ्या पाण्याचे पेले आणून देतो. टेबल पुसून झाले की हाक येते. यंत्र नसले म्हणून हाक अडत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. कारण सरकारी खरेदीच्या अव्यवस्थेवर प्रत्येक वेळी नवे यंत्र हाच उतारा सुचवला जातो.

हॉटेलमालक हे काही संत नव्हेत. टेबल लवकर सुटावे म्हणून वेटरवर जी घाई लादली जाते तिची किंमत बारा बारा तास पायांवर उभ्या असलेल्या त्या वेटरलाच मोजावी लागते. हाक मारण्याच्या निमित्ताने घेतलेला मोबाइल नंबर पुढे जाहिरातींच्या भडिमारासाठी वापरला जाण्याची भीती असते. ग्राहकाचा नंबर मिळाल्याशिवाय बिल न देण्याच्या दुकानदारांच्या हट्टाविरुद्ध केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याला २०२३ साली सूचना काढावी लागली, हे ताजेच आहे. तेव्हा हॉटेलच्या दारातील सौजन्य हे धंद्याचे सौजन्य आहे, हृदयपरिवर्तनाचे नव्हे. त्याचे मूळ एकाच गोष्टीत आहे. ग्राहक उठून समोरच्या हॉटेलात जाऊ शकतो. जो निघून जाऊ शकतो त्याला हाक मारली जाते. जो जाऊ शकत नाही त्याला ताटकळत ठेवले जाते. आजच्या व्यवस्थेतील रांगेचा हा अलिखित कायदा आहे.

आणि तरीही रांग ही वस्तू हीन नाही, हे समाजवाद्यांनी विसरू नये. ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम या देशात सहजासहजी आलेला नाही. गावच्या पंगतीत कोण आधी बसणार आणि कोण सर्वांची जेवणे उरकेपर्यंत अंगणाबाहेर उभा राहणार, हे पिढ्यान् पिढ्या जन्मावरून ठरत आले. चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर टांगून ठेवलेली असे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जाण्यास धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही असे सांगितले, आणि १९५५च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्याने अशी आडकाठी हा दंडनीय अपराध ठरवला. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले, तोही याच लढ्याचा भाग होता. दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव एकाच वहीत, एकाच क्रमाने लिहिले जाणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नाही. प्रश्न असा की, ही वही हॉटेलच्या दारापाशीच का थांबली?

आता खरेदी केंद्राच्या फाटकाकडे वळू. गिरणेच्या खोऱ्यातील भडगाव तालुका कापूस पिकवतो. कापसाची रांग महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, ती शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याच्या घोषणेने. घोषणा योग्यच होती. पण केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागल्या, ग्रेडरच्या मर्जीवर कापसाची प्रत ठरू लागली आणि शेतकरी गाडीखाली रात्र काढू लागला. योजना पुढे मोडीत निघाली. तिच्या अपयशाची अनेक कारणे सांगितली जातात. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याची वेळ सांगण्याची साधी व्यवस्था झाली नाही, या कारणाची नोंद क्वचितच घेतली जाते.

२०१६-१७च्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारातील भाव त्याच्या पुष्कळ खाली गेला होता. साहजिकच शेतकरी केंद्रांकडे धावला. बारदान संपले, गोदामे भरली, आणि २२ एप्रिल २०१७ रोजी फाटके बंद झाली तेव्हा ट्रॅक्टर आणि बैलगाड्या बाहेर उभ्याच होत्या. त्या संतापानंतर पुढील हंगामांत ऑनलाइन नोंदणी आणि मोबाइलवरून बोलावण्याची पद्धत आली. म्हणजे हॉटेलांची युक्ती सरकारने उचलली! पण २०२४-२५ साली सोयाबीनचे काय झाले? हमीभाव ४,८९२ रुपये, ओलाव्याची मर्यादा आधी १२ टक्के, निवडणुकीच्या तोंडावर १५ टक्के, बारदानाचा तुटवडा, मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि अखेरीस ६ फेब्रुवारी २०२५ रोजी खरेदी थांबली तेव्हा नोंदणी करूनही कित्येकांचा नंबर लागलेलाच नव्हता. वहीत नाव आहे, ग्राहक दारात आहे, आणि मालकाने दिवा मालवून कुलूप घातले आहे, असा हा प्रकार.

कापसाच्या बाबतीत २०२५-२६च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ नावाचे अ‍ॅप आणले. आधार, जमिनीचा उतारा आणि पिकाची नोंद देऊन नाव नोंदवायचे आणि त्याच अ‍ॅपवर केंद्रात माल नेण्याचा दिवस मिळवायचा, अशी ही योजना. त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. त्याच सुमारास, ऑगस्ट २०२५मध्ये, केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क काढून टाकले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. एका हाताने परदेशी कापसाला दार उघडायचे, त्यामुळे देशी बाजारातील भावावर दाब आला की शेतकऱ्याला केंद्राकडे पिटाळायचे, आणि दुसऱ्या हाताने केंद्राच्या दारात त्याला अ‍ॅपवरचा दिवस शोधत बसवायचे! गर्दी जमते ती आपोआप नव्हे. ती धोरणाने जमवली जाते.

हॉटेलची हाक आणि केंद्राची हाक यांत वरवर साम्य आहे, पण एक मूलभूत भेद आहे. हॉटेलने हाक मारली की बांधले जाते ते हॉटेल. टेबल पुसलेले असते, पदार्थाचा भाव लिहिलेला असतो, आणि आत बोलावून ‘तुमची भूक नियमात बसत नाही, परत जा’ असे कोणी सांगत नाही. खरेदी केंद्राने हाक मारली की बांधला जातो तो शेतकरी. त्याने ठरल्या दिवशी वाहन करायचे, माल भरायचा, फाटकावर यायचे. त्यानंतर मात्र ओलावा आठ टक्क्यांवर निघाला तर भावात कपात, बारा टक्क्यांवर निघाला तर माल परत. वजनकाटा बंद पडला, जिनिंगमध्ये जागा उरली नाही, ग्रेडर आला नाही, तर त्याने दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. जी हाक हाक देणाऱ्याला बांधत नाही तिला हाक म्हणत नाहीत. तिला हुकूम म्हणतात.

या ताटकळण्याची किंमत कोण देतो? उभ्या ट्रॅक्टरचे भाडे दिवसागणिक वाढते, ते शेतकरी देतो. हिवाळ्याच्या रात्री उघड्यावरचा कापूस दव पितो, ओलावा चढतो आणि सकाळी त्याच ओलाव्याचा दंड त्याच्याच माथी बसतो. वाळला तर वजन घटते, तेही त्याचेच नुकसान. वेचणीची मजुरी चुकवायची असते, सोसायटीचे आणि कृषी केंद्राचे देणे तोंडावर असते, घरात लग्न ठरलेले असते. अशा वेळी दाराशी खेडा खरेदीचा व्यापारी उभा राहतो. त्याच्याजवळ ना अ‍ॅप असते ना नोंदणी. त्याच्याजवळ काटा असतो आणि रोख रक्कम असते. हमीभावाहून कितीतरी कमी दराने तो माल उचलतो. हमीभाव आणि त्या दराच्या अंतराला अर्थशास्त्री काय म्हणतात ते म्हणोत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वाट पाहू न शकण्याची किंमत आहे. ज्याच्या घरात पत्र्याची खोली आणि बँकेत शिल्लक आहे तो दोन महिने थांबून हमीभाव घेतो. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी आठ दिवसही थांबू शकत नाही. एकच हमीभाव असा दोघांना दोन वेगळ्या दरांनी पडतो.

त्याहून वाईट गत त्यांची, ज्यांचे नाव वहीत येऊच शकत नाही. बटाईने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर क्वचितच चढलेले असते. ज्याच्याजवळ साधा मोबाइल आहे त्याला अ‍ॅपसाठी दुसऱ्याच्या हातापाया पडावे लागते. कापूस त्यांनी पिकवला, पण दारातील वहीला ते दिसतच नाहीत; मग त्यांना हाक कोण मारणार? जुन्या पंगतीत अंगणाबाहेर उभे राहणारे आणि नव्या नोंदणीत न मावणारे, हे पुष्कळदा एकाच घरातले निघावेत हा योगायोग नव्हे.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, चाळीस टेबलांचे हॉटेल आणि लाखो शेतकऱ्यांची खरेदी यांची तुलनाच चुकीची आहे. पण याच देशाची रेल्वे लाखो प्रवाशांना प्रतीक्षा यादीतील क्रमांक देते, तो क्रमांक पुढे सरकला की नाही हे कोणालाही पाहता येते, आणि जागा मिळाली नाही तर ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे परत येतात. संख्या मोठी आहे म्हणून क्रम सांगता येत नाही, हे म्हणणे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग या गणितज्ञाने १९०९ सालीच निकालात काढले आहे. किती माणसे येतील, एकाला किती वेळ लागेल आणि किती खिडक्या हव्यात, याचे गणित मांडता येते. पेरा किती झाला हे सरकारजवळ नोंदलेले असते. अडचण गणिताची नाही, इच्छेची आहे.

दुसरा आक्षेप असा की, शेतकरीच ओला माल आणतो. मग ओलावा गावातच मोजा. मोजण्याचे साधन हातात मावते. माल पन्नास किलोमीटर ओढत आणवून फाटकावर नापास करण्यात कोणते शास्त्र आहे?

तिसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. खासगी हॉटेलवाला नम्रपणे बोलावतो आणि सरकारी केंद्र ताटकळत ठेवते, तर सरकारी खरेदीच बंद करून सारे खासगी व्यापारावर का सोडू नये, असे तो विचारतो. येथे कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. हॉटेलवाला नम्र असतो तो खासगी असल्यामुळे नव्हे, तर ग्राहकाच्या खिशात पैसे आणि पायांत निघून जाण्याचे बळ असल्यामुळे. तोच खासगी व्यापारी कर्जाने बांधलेल्या शेतकऱ्याशी कसा वागतो हे भडगावपासून धुळ्यापर्यंत कोणालाही सांगावे लागत नाही. सरकारी केंद्र बंद झाले तर शेतकऱ्याची रांग संपेल हे खरे; पण ती संपेल ती त्याने लुटले जाणे पत्करल्यामुळे. म्हणून सार्वजनिक खरेदी मोडणे हा मार्ग नाही. निघून जाण्याचे जे बळ बाजाराने शेतकऱ्याला दिलेले नाही ते कायद्याने देणे, हा मार्ग आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, हे तत्त्व राज्याने स्वीकारले आहे. दाखल्याला जे लागू आहे ते घामाच्या मालाला का लागू नसावे? त्याच धर्तीवर पुढील मागण्या प्रत्येक तालुक्यात उभ्या राहिल्या पाहिजेत. नोंदणी झालेल्या प्रत्येकाचा क्रम आणि रोज कितव्या क्रमापर्यंत वजन झाले, हे केंद्राच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे. बोलावणे किमान दोन दिवस आधी यावे, आणि ते मोबाइलबरोबर दवंडीनेही यावे. ओलाव्याची तपासणी बोलावण्यापूर्वी गावात व्हावी. बोलावून त्या दिवशी वजन झाले नाही, तर वाहनाचे भाडे आणि मालाची राखण खरेदीदार संस्थेच्या माथी असावी. नोंदलेल्या शेवटच्या शेतकऱ्याला हाक गेल्याशिवाय केंद्र बंद होऊ नये. आणि बटाईदाराला ग्रामसभेच्या दाखल्यावर नोंदणीचा हक्क मिळावा. यांतील एकही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. ताटकळण्याचा भार ताटकळत ठेवणाऱ्यावर टाका, एवढेच त्यांचे सार आहे. तो भार त्याच्यावर पडला की काटे आपोआप दुरुस्त होतील आणि बारदान वेळेवर येईल.

मागण्यांचे पत्रक काढून मात्र हे साधणार नाही. हंगाम सुरू झाला की कार्यकर्त्यांनी फाटकावर एक वही घेऊन बसावे. कोणते वाहन किती वाजता आले, त्याला कोणत्या दिवसाचे बोलावणे होते, वजन केव्हा झाले, माल परत गेला तर कोणत्या कारणाने गेला आणि शेवटी तो कोणत्या दराने विकला गेला, एवढे रोज लिहावे. केंद्रप्रमुखाला ती नोंद रोज संध्याकाळी वाचून दाखवावी आणि दर आठवड्याला तहसीलदारासमोर ठेवावी. क्रम मोडून कोणाचा ट्रॅक्टर मागच्या दाराने आत गेला तर त्याचीही नोंद व्हावी, मग तो आपल्या ओळखीच्या पुढाऱ्याचा का असेना. घोषणांना उत्तर देण्याची सत्ताधाऱ्यांना सवय आहे. तारीखवार नोंदीला उत्तर देणे त्यांना जड जाते.

हॉटेलात दहा मिनिटे जास्त थांबावे लागले तर शहरातील माणूस मालकाला बोलावून जाब विचारतो, आणि मालक हात जोडतो. ती बेडर वृत्ती वाईट नाही. ती सर्वांची झाली पाहिजे. ज्याने ताट पिकवले त्याने ताटकळत उभे राहावे आणि ज्याने ते विकत घेतले त्याला मानाची हाक मिळावी, ही व्यवस्था निसर्गाने निर्माण केलेली नाही. माणसांनी ती घडवली आहे, आणि केंद्राच्या फाटकावर वही उघडून बसणारी माणसे ती बदलू शकतात.